माझ्याच यानाचा बडग्या

'सातवा चंद्र' नावाच्या वेबमालिकेतलं यान पाहून तुम्ही हसला असाल, तर ते यान मी बनवलं होतं. आणि आधीच सांगून टाकतो, त्यात थर्माकोलचा एक तुकडाही नव्हता. बांबूच्या कमच्या, पुठ्ठा, कागदाचा लगदा, थोडं प्लायवूड आणि खळ, एवढ्यावर ते उभं होतं. थर्माकोल मी केव्हाच सोडलं. पण 'थर्माकोलचं यान' हे शब्द मी फोनवर इतक्या वेळा वाचले की कधी कधी मलाच शंका येते, होतं की काय बुवा.

आमच्या धंद्याला धड नाव नाही. कोणी डेकोरेशनवाला म्हणतं, कोणी पुठ्ठेवाला. गणपतीचे देखावे, शाळेच्या गॅदरिंगचे किल्ले, दुकानाच्या उद्घाटनाचे हत्ती असं सगळं आम्ही करतो. घराणं विणकरांचं. बाप हातमागावर लुगडी विणायचा. माग बंद पडले तसा मोहल्ला पांगला, कोणी पानठेला टाकला, कोणी दवाखान्यात लागलं. माझ्या हाताला खळ तेवढी ठाऊक होती. सुताला ताठपणा यावा म्हणून पिठाची पातळ पेज करून लावतात, ती खळ. बापानं ती सुताला लावली, मी कागदाला लावली, एवढाच काय तो फरक.

गिऱ्हाईक मात्र या धंद्यात एकेक नमुना भेटतं. नागपूरच्या धंतोलीतल्या एका हार्टच्या डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवायला माणसाएवढं हृदय करून मागितलं होतं. पुस्तकातलं चित्र समोर ठेवून मी ते केलं, नळ्याबिळ्यांसकट. आठ दिवसांनी रंगाचा एक पोपडा निघाला म्हणून दुरुस्तीला गेलो, तर हृदयाला हळदकुंकू लागलेलं. पारशिवनीकडून आलेली एक म्हातारी नवऱ्याचं ऑपरेशन होईपर्यंत त्याच्यासमोर हात जोडून बसली होती. डॉक्टर वैतागले होते. मला मात्र बरं वाटलं. हाताखालून गेलेल्या वस्तूला कोणी हात जोडले असं आमच्या धंद्यात क्वचितच होतं. एरवी दहा दिवसांनी सगळं कचऱ्याच्या गाडीत.

माझी बायको कुसुम. तिला माझं काम आवडत नव्हतं असं नाही, पण तिची पाहायची तऱ्हा वेगळी होती. देखावा तयार झाला की सगळी माणसं समोरून पाहायची आणि ही पहिले मागं जायची. मागं उघडे बांबू, सुतळ्या, फाटके पुठ्ठे. आम्ही समोरचीच बाजू करतो, धंदाच तसा आहे, पाहणारे समोरच उभे असतात. ती परत येऊन म्हणायची, "मागून काहून उघडं ठेवता हो? मागच्या घरच्या लोकाईनं काय पाहावं?" दरवर्षी हेच. मी दरवर्षी चिडायचो.

दोन वर्षांपूर्वी कुसुम गेली. मुलगी लग्न होऊन हैदराबादला असते, फोन करते. घर छोटं आहे तरी आवाज घुमतो. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. घरातून निघताना मी 'येतो' म्हणायचो ती सवय सुटली. कोणाला म्हणणार? कुलूप लावायचं आणि निघायचं.

त्याच दिवसांत 'सातवा चंद्र'चं काम आलं. खापरखेड्याच्या रस्त्याला जिनिंगची एक बंद शेड भाड्यानं घेऊन आतल्या भागाचं शूटिंग करायचं होतं आणि बाहेरचा ग्रह पारशिवनीकडच्या खडकाळ माळावर. मुंबईचा कलादिग्दर्शक माझा गणपतीचा देखावा पाहून घरी आला होता. मालिका येईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, अशी त्याची अट होती. मी मोहल्ल्यात सांगितलं की शेडचं काम करतो आहे. ते खोटं नव्हतं.

काम करताना कळलं की कॅमेरा आणि मंडळाचा मंडप यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. देखावा माणूस लांबून पाहतो, रंगीत दिव्यात, पोराला खांद्यावर घेऊन. कॅमेरा नाकाशी येऊन उभा राहतो. सांधा दिसतो, ब्रशचा फराटा दिसतो. त्यात आधी ठरलेलं पूर्ण यान अर्धं झालं. पैसे कमी आहेत, उजवी बाजूच करा, डावी आपण दाखवणारच नाही, असं मला सांगण्यात आलं. म्हणजे इथंही मागून उघडंच. कुसुम असती तर मुंबईवाल्यांनाही बोलली असती.

यानाचा मुख्य दांडा मुंबईहून तयार आला होता, प्लास्टिकचा. कॅप्टनचं काम करणारा नट तो ओढायचा तेव्हा छत्रीची मूठ धरल्यासारखं दिसायचं. वजनच नव्हतं त्यात. दोन दिवस सगळे त्यावर डोकं फोडत होते. तिसऱ्या दिवशी मी घरून बापाचा धोटा घेऊन गेलो. मागावर ताण्यातून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. होडीसारखा आकार, जड लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, आणि बापाच्या हातानं इतका गुळगुळीत झालेला की पॉलिश झक मारेल. लग्न होऊन आली तेव्हा कुसुम त्याच धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायची. नटानं तो हातात धरला आणि म्हणाला, यावर हात बसतो. काळा रंग मारू दिला नाही मी, नुसती राख चोळली. शूटिंग संपल्यावर धोटा मागून परत आणला आणि पुसून देवाजवळ ठेवला.

मालिका आली तेव्हा मी एकट्यानंच फोनवर पाहिली. शेवटी नावं पळतात त्यात माझं नाव शोधलं. नव्हतं. असो म्हटलं. मग खाली लोकांनी काय लिहिलं ते वाचायला घेतलं आणि तिथंच फसलो.

हे लोक कोण, काय करतात, मला काय ठाऊक. पण त्यांनी एक गट केला होता, फक्त या मालिकेवर बोलायला, आणि रोज तिथं चुरचुरीत काहीतरी पडायचं. यानात बसले का रिक्षात? बजेट सगळं पोस्टरवर गेलं. यान दरवेळी एकाच बाजूनं काहून दाखवता, दुसरीकडून उधारीवाले उभे आहेत का? एकानं लिहिलं, याच्यापेक्षा आमच्या नागपुरातल्या मोहल्ल्याचा गणपतीचा देखावा भारी असतो, आणि खाली फोटो टाकला. तो देखावाही माझाच होता. मी हसलो. एकटा माणूस हसतो तेव्हा मध्येच थांबतो, तसा थांबलो.

धोट्याचं तर विचारूच नका. कोणा पल्लवीनं लिहिलं होतं, 'कॅप्टनच्या हातात लाकडी केळं आहे. भूक लागली की खाणार.' त्याच्यावर शेकड्यानं हसऱ्या बाहुल्या पडल्या. मग जो येईल तो केळंच म्हणायला लागला. केळ्याची चित्रं, केळ्याच्या चारोळ्या. मी जेवायला बसलो की फोन पुढ्यात ठेवायचो आणि ते वाचायचो. खरं सांगतो, राग यायचा, जेवण कडू व्हायचं, पण फोन बाजूला ठेववत नव्हता. घरात दुसरा आवाज नव्हता ना. कोणीतरी माझ्या कामाबद्दल बोलत होतं, वाईट का होईना.

गोष्टीबद्दलही भांडण होतं. पाचवा भाग अख्खा एका खोलीत आहे. बाकीचे तिघं मेलेले असतात, यान बंद पडलेलं असतं आणि कॅप्टन एकटा पृथ्वीशी बोलत बसतो. तो बोलला की उत्तर यायला अर्धा दिवस लागतो. तोवर तो धोट्यावर हात ठेवून बसतो. यान बंद आहे, दांडा ओढून काही होणार नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी हात काढत नाही. गटातल्या लोकांनी त्या भागाला झोडपून काढलं. पैसे संपले म्हणून एका खोलीत बसवलं म्हणे. यालाच कथा म्हणतात का, झोप आली म्हणे. मी तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला. मला त्यात कुठंच लांबण वाटली नाही. उत्तर येईपर्यंत माणूस काय करेल? बसेलच.

एकदा धीर करून मीही लिहिलं की मला पाचवा भाग आवडला. एका बोटानं लिहायला चांगला वेळ गेला. खाली कोणी काही बोललं नाही. कोणी हसलंही नाही. त्याचंच जास्त लागलं.

पोळा महिन्यावर आला तसा मोहल्ल्याच्या मंडळाचा दिलीपभाऊ घरी आला. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत या दोन बायांचे मोठे पुतळे, आणि त्यांच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा वीट आला त्याचा पुतळा. महागाईचा, खड्ड्यांचा, लाचखाऊंचा. गावभर फिरवायचा, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचा. आमच्या मोहल्ल्याचा बडग्या मीच करतो. तेच एक काम मी माझं समजून करतो, कारण ते जळणार हे पहिल्यापासून ठरलेलं असतं.

दिलीपभाऊनं खुर्चीवर बसता बसता सांगितलं की या वर्षी त्या 'सातवा चंद्र'वाल्यांचा बडग्या करायचा. इथं येऊन शूटिंग केलं, नागपूरचं नाव होईल म्हणाले, आणि जगात हसं केलं. यान करायचं, वर कॅप्टन बसवायचा, हातात केळं. पोरंपोरी पेटून उठली होती म्हणे. त्यानं फोन काढून मलाच माझ्या यानाचा फोटो दाखवला, नीट पाहून घ्या म्हणाला.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. दिलीप माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला, त्याला वाईट वाटलं असतं. आणि त्याला वाईट वाटलेलं मला पाहायचं नव्हतं. मी म्हटलं, होऊन जाईल, करून देतो.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम वेडंवाकडं करायला बसलो. बडग्या आहे, टिंगल आहे, फताडं झालं तर लोक अजून हसतील. कमच्या बांधल्या, पुठ्ठा चढवला, आणि जमेना. हात वाकडा जाईना हो. उलट जे शेडमध्ये राहून गेलं होतं ते आठवायला लागलं. तिथं पंखाला बाक द्यायला वेळ नव्हता, इथं दिला. आणि डावी बाजू केली. मिरवणुकीत लोक दोन्ही बाजूंनी उभे असतात, गच्चीवरून पाहतात, मागून चालतात. बडग्याला मागची बाजू लागतेच. मागचं इंजीन करताना मी कुसुमशी बोलत होतो. हे घे मागच्या घरच्या लोकांसाठी, असं काहीतरी. तेवढे दिवस मी फोनही फारसा उघडला नाही.

मग केळ्याची पाळी आली. लगद्याचा दांडा केला, तर तो खरंच केळं दिसायला लागला. कॅप्टनच्या हातात ठेवला तर सगळं यान हलकं पडलं. मी देवाजवळचा धोटा उचलला आणि बसवून पाहिला. बसला. मनात म्हटलं, मिरवणूक होईपर्यंत राहू दे, जाळायच्या आधी काढून घेऊ. आता हे माझ्या डोक्यात कसं आलं ते मला सांगता येत नाही. कारण मिरवणुकीत निघालेल्या बडग्याची काडीसुद्धा परत घरी आणायची नसते. गावाची पीडा त्याच्या अंगावर घेतलेली असते. हा नियम मला माझ्या उस्तादानं शिकवला आणि मी अख्ख्या मोहल्ल्याला शिकवला. बडग्यातून दिव्याची माळ काढणाऱ्याला मी चारचौघांत झापलं आहे. पण धोटा मला बडग्याचा वाटलाच नाही. तो माझा होता.

मिरवणूक निघाली. काय सांगू, लोकांनी आधी हसायला तोंड उघडलं आणि मग पाहतच राहिले. यान गल्लीतून वळलं की मागची माणसंही फोटो काढायची. गच्च्यांवरून फोन पुढे येत होते. मंडळाचं चित्रण करणारी एक मुलगी सोबत चालत होती, धंतोलीतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरी करते, पल्लवी तिचं नाव. हीच का ती, असं मनात आलं, पण पल्लव्या काय कमी आहेत गावात. ती मध्येच माझ्याजवळ येऊन म्हणाली की काका, लोक लिहून राहिले आहेत, मालिकेत अर्धं यान होतं, नागपूरकरांनी पूर्ण केलं. बडग्याचं बजेट मालिकेपेक्षा जास्त आहे का, असंही एकानं विचारलं होतं. मी मान हलवली. गर्दीत होतो, तरी सांगायला एकच माणूस हवं होतं आणि ते नव्हतं.

जाळायच्या जागी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी यानावर चढून धोट्याला हात घातला. दिलीपभाऊनं खालून पाहिलं.

"मधुकाका, काय करून राहिले? काडी नाही काढत आपण. तुमीच शिकवलं न."

मी हात मागं घेतला नाही, पुढंही नेला नाही. तेवढ्यात पल्लवी फोन खाली करून वर चढली. तिनं वाकून धोट्याच्या लोखंडी टोपीवरचा चरा पाहिला. पाचव्या भागात तो चरा चांगला मोठा दिसतो.

"काका, हे तर मालिकेतलंच आहे. तुमच्याजवळ कुठून आलं?"

"माह्या बापाचा धोटा आहे, बाई," मी म्हटलं. "यानही मीच केलं होतं. तेही आणि हेही."

तिनं फोन बंद केला. मग एवढंच म्हणाली की केळं मी लिहिलं होतं. तिचा चेहरा पाहून मलाच तिची दया आली. दिलीप तर डोक्याला हात लावून उभा होता. त्यानं वर येऊन हळूच सांगितलं की काका, तुम्ही म्हणत असाल तर काढा, नियम तुमचाच आहे, कोणी काही म्हणणार नाही.

मी खरंच विचार केला. माझा मारबतीवर फार विश्वास उरलेला नाही. कुसुम आजारी होती त्या वर्षी 'बिमारी घेऊन जा गे मारबत' म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो होतो. बिमारी राहिली आणि कुसुम गेली. पण विश्वास नसला तरी नियम होता, आणि त्या नियमामुळे वर्षातून एकदा का होईना सगळा मोहल्ला माझ्या शब्दावर उभा राहत होता. धोटा घरी नेला असता तर देवाजवळ ठेवला असता आणि त्याच्याकडे पाहत एकटाच जेवलो असतो. मी म्हटलं, राहू दे, लाव. आणि खाली उतरलो.

कागद भराभर गेला, बांबू फुटले. लाकूड जुनं, जड, ते सगळ्यात शेवटी पेटलं. लोक ओरडत होते, मीही ओरडलो, काय ओरडलो ते सांगत नाही. पल्लवी शेवटपर्यंत माझ्या बाजूला उभी होती. तिनं जळतानाचं चित्रण केलं नाही. मला रडू आलं ते धुराचं नव्हतं.

पस्तावा झाला का? झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजवळची रिकामी जागा पाहिली. बापाची ती एकच वस्तू होती आणि कुसुमचीही. नियम पाळला म्हणून कोणी ती परत आणून देत नाही.

नाश्त्याला पोहे केले आणि सवयीनं फोन पुढ्यात ठेवला. त्या गटात पल्लवीनं तिच्या जुन्या केळ्याच्या खालीच लिहिलं होतं, 'ते केळं नव्हतं, धोटा होता. ज्यांनी यान बनवलं त्यांच्या वडिलांचा. काल जळला. काका या गटात आहेत, पाचवा भाग आवडला म्हणणारे ते एकटेच.' माझं ते जुनं वाक्य तिनं नावावरून शोधून काढलं होतं. खाली लोकांचे प्रश्न सुरू झाले होते. धोटा म्हणजे काय? माग म्हणजे कसा असतो? काका, पाचव्या भागात काय आवडलं?

मी एका बोटानं लिहायला लागलो. धोटा म्हणजे काय ते लिहिलं. खळ लिहिली. बाप लिहिला. कुसुम कांड्या भरताना गाणं गुणगुणायची आणि सूत तुटलं की गाणं थांबायचं, मग गाठ मारून तिथूनच पुढं सुरू करायची, हे लिहिलं. पाठवलं आणि थांबलो. या वेळी उत्तर यायला अर्धा दिवस लागला नाही. कोणीतरी विचारलं, मग? पुढे काय झालं, काका?

पोहे गार झाले होते. पुढचं सांगायचं तर बरंच होतं, आणि घसा कोरडा पडला होता, नुसतं लिहून घसा कसा कोरडा पडतो कोण जाणे. मी लिहिलं, चहा मांडून येतो.

उठलो, तर फोन वाजत राहिला. गॅसजवळ उभं राहून वाचलं. तीनचार जणांनी लागोपाठ एकच लिहिलं होतं, आणि पल्लवीनं सगळ्यांच्या खाली.

"या, काका. वाट पाहून राहिलो."